आमच्या चुलीवरची प्रभूची भाकर

आई मेजापुढं फरशीवर बसून भाकर खात होती आणि अख्खी मंडळी तिचं खाणं संपायची वाट बघत होती. ज्वारीची भाकर, पहाटे भाजलेली, आराधना संपत येईपर्यंत कडक झालेली. पाळकसाहेबांनी तिचे तुकडे मोडले होते, प्रार्थना केली होती, ताट बाकांमधून फिरलं होतं आणि गेलं तसंच भरलेलं परत आलं होतं. आता ते आईच्या मांडीवर होतं. मेजावर मनुकांच्या पाण्याचा पेला होता, पण अगोदर भाकर आणि मग पेला असा नियम. भाकर उरली असताना पेल्याला हात लावता येत नाही. प्रभुभोजनाच्या दिवशी आमच्यात उपाशी जायची रीत होती, त्यामुळं आईनं सकाळपासून पाण्याचा घोटही घेतला नव्हता. ती तुकडा तोंडात टाकायची, चावत राहायची, मान पुढं काढून गिळायची, परत ताटात हात घालायची. तिच्या घशाचा आवाज मागच्या बाकापर्यंत यायचा. ती शांतता पाळकसाहेबांनाच सोसेना. ते म्हणाले, "याकोब, एक गीत होऊ द्या." याकोब म्हणजे माझा बाप. चर्चमध्ये ढोलकी तोच वाजवायचा. त्यानं आईकडं एकदा बघितलं आणि ढोलकीवर थाप दिली. लोक गायला लागले. बापानं ताल चांगला धरला होता. तो कधी बेताल वाजवत नसे. मी बायकांच्या शेवटच्या बाकावर होते. माझा दृढीकरणाचा विधी अजून झालेला नव्हता, म्हणून त्या भाकरीला हात लावायचा मला हक्क नव्हता. नाहीतर मी जाऊन अर्धी संपवली असती. मलाही भूक लागलीच होती.

ही गोष्ट अकोल्याची. आमचं घर जुन्या शहरात, मोर्णेच्या काठानं गेलेल्या एका बोळात. चर्च नदीच्या पलीकडं, स्टेशनच्या बाजूला. दर रविवारी आम्ही तिघं पूल ओलांडून जायचो. बाप पुढं, गळ्यात ढोलकी, मागून आई आणि मी. बाप जन्मानं बँडवाला. मांगाचं घर, पिढ्यान्‌पिढ्या लग्नात आणि मयतीत वाजवणारं. तरुणपणी तो रक्त ओकायला लागला, मिशनच्या दवाखान्यानं त्याला वाचवलं, आणि बरा होऊन तो घरी आला तो ख्रिस्ती होऊनच आला. आई त्याच्यामागून बाप्तिस्म्याच्या पाण्यात उतरली. तिला कोणी विचारलं नाही आणि तिनंही काही विचारलं नाही. तानाची मार्था झाली. मला लहानपणी शेवंता म्हणत, मी सारा झाले. चौथीपर्यंत शिकले. पुढं आईच्या हाताखाली बसले.

आई शिंदीचे फडे, म्हणजे झाडू, बांधायची. घरात एकच खोली, अर्ध्या खोलीत शिंदीच्या पानांचे भारे. पानं भिजवायची, चिरायची, मुठीत धरून दगडावर आपटायची. तो धप्‌धप्‌ आवाज आमच्या घराचा आवाज. पहाटे मशिदीतली बांग, मग आमचं धप्‌धप्‌, मग जिनिंगचा भोंगा. भोंगा झाला की आई चूल पेटवायची. ज्वारीची भाकर, अंबाडीची भाजी, ती नसली की तिखटावर तेल. इतवारी बेसन. आईची भाकर पातळ असायची, कडा कुठं चिरलेली नसायची, आणि तव्यावरून उचलून निखाऱ्याला लावली की टम्म फुगायची. मी आता सत्तरी ओलांडली, अमरावतीला मुलाकडं राहते, सून गव्हाच्या पोळ्या करते, चांगल्या करते. तशी भाकर मात्र मला पुन्हा कोणी वाढली नाही. मलाही ती जमली नाही, खोटं कशाला बोलू.

मंडळीत सगळ्या तऱ्हेचे लोक होते. पुढच्या बाकांवर मिशनच्या शाळेचे मास्तर आणि दवाखान्यातल्या नर्सा, त्यांची घरं दोन-तीन पिढ्यांपासून ख्रिस्ती. उजव्या हाताला रेल्वेतली मद्राशी घरं. ती मराठी गीतं तोंड हलवून म्हणायची. मधे कधीकाळचे महार, ज्यांचे भाऊबंद पुढं बुद्धाकडं गेले आणि हे इकडंच राहिले. एका कोपऱ्यात मेळघाटातून आलेली कोरकू माणसं, दवाखान्यात झाडलोट करणारी. आणि अगदी मागं, चपला काढायच्या जागेला लागून, आम्ही. तिथं बसा असं कोणी सांगितलं नव्हतं. सगळ्यांना आपापली जागा माहीत होती. सगळ्या घरांत आईचेच फडे होते. बापाच्या ढोलकीवर सगळे गायचे. ढोलकीला विटाळ नव्हता.

मंडळीचा मुख्य पंच एलिया मास्तर. मिशनच्या शाळेत हेडमास्तर, पांढरं धोतर, काळा कोट, आवाज खणखणीत. आमी मूळचे माळी, असं तो कुठंही, कोणी न विचारताही सांगायचा. त्याची म्हातारी आई राहेलबाई त्याच्या शेजारी बसायची. ती मोठ्या दुष्काळातली अनाथ पोर. मिशनच्या लोकांनी तिला स्टेशनावरून उचलून गाडीत घातली तेव्हा तिला बापाचं नाव सांगता येत नव्हतं, गावही नाही. ती स्वतःच आम्हा पोरींना हसून सांगायची, "मले तं बाई एवढंच याद आहे का मी माती खाऊन राहिली होती." मग माळी कुठून आले हे मास्तरालाच ठाऊक.

नवे पाळकसाहेब आले ते नगरकडचे. तिशीतला माणूस, चष्मा, बोलणं पुस्तकातल्यासारखं. पहिल्याच महिन्यात त्यांनी बघितलं की प्रभुभोजनाला लोक पुढच्या बाकापासून मागं असे क्रमानं पेल्याला तोंड लावतात आणि पेला आमच्यापर्यंत येतो तेव्हा तळाशी नुसत्या मनुकांच्या साली असतात. त्यांना ते लागलं. त्यांनी उपदेश केला. म्हणाले, आपल्या शास्त्रात प्रभूनं भाकर मोडली असं लिहिलं आहे, पाव नाही. आपण रोजच्या प्रार्थनेत भाकर मागतो आणि मेजावर बेकरीतला पाव ठेवतो. कावून? ते कावून नाही म्हणाले, 'का' म्हणाले. यापुढं मेजावर भाकरच येईल, वऱ्हाडातली, ज्वारीची, आणि दर महिन्याला ती वेगळ्या घरातून येईल. सगळी घरं. एकही सोडायचं नाही. आणि पवित्र केलेल्या भाकरीचा चुराही सांडता कामा नये, उरली तर ती तिथंच खाऊन संपवायची. लोकांनी माना डोलावल्या. एक शब्द बदलला एवढंच त्यांना वाटलं. पाव बेकरीवाल्याचा होता, त्याच्यामागं कोणाचं घर नव्हतं. भाकरीमागं चूल येते आणि चुलीमागं जात येते, हे पाळकसाहेबांना कळत होतं. म्हणूनच त्यांनी तो शब्द धरला होता. पुढं काय होईल ते मात्र त्यांना कळलं नव्हतं.

पहिली भाकर मास्तराच्या घरची आली. जाड, कच्ची, त्याच्या नर्स सुनेला भाकर येतच नव्हती. लोकांनी चवीनं खाल्ली. मग एका मद्राशीणबाईनं कुणाकडून तरी भाजून आणली, तीही खाल्ली. मग मधल्या बाकांवरच्या दोन घरांची. पुढच्या बाकांनी तोंडं आंबट केली, पण गिळली. मग पाळकसाहेब आमच्या घरी आले. वाकून आत आले, शिंदीच्या भाऱ्यावर बसले आणि म्हणाले, "मार्थाबाई, येत्या महिन्याची भाकर तुमची."

आई म्हणाली, "साहेब, माही नका ठेवू. थे लोक खात नाहीत."

"खातील. प्रभूच्या नावानं मोडलेली आहे, का नाही खाणार?"

"तुमाले वाटते तसं."

"मार्थाबाई, हे तुमच्यासाठी नाही. हे मंडळीच्या एकीसाठी आहे."

 साहेब गेल्यावर बापाला म्हणाली, "ऐकलं का? माह्यासाठी नाही म्हनते. मंग वझं माह्यावर कावून?" पण ज्वारी तिनं निवडून घेतली, दोनदा पाखडली, जातं धुऊन घेतलं. त्या दिवशी पहाटे आंघोळ करून भाकर केली आणि बाजारातून आणलेल्या नव्या पांढऱ्या फडक्यात बांधली. पूल ओलांडताना ती फडकं छातीशी धरून चालत होती. एवढी खूश मी तिला क्वचितच बघितली. तिला वाटलं असेल, होईल बापा.

ताट एलिया मास्तरापासून निघालं. त्यानं हात मांडीवरून उचलला नाही. ताट धरलेला माणूस थोडा थांबला, पुढं गेला. मी नीट बघितलं ते राहेलबाईचं. म्हातारीला डोळ्यानं कमी दिसायचं, पण ताट आलं हे तिला कळलं आणि तिचा हात वर आला. मास्तरानं तिचं मनगट धरून खाली ठेवलं. तिनं तोंड त्याच्याकडं वळवलं. तो समोर बघत राहिला. मग ताट कुठंच थांबलं नाही. कोरकूंच्या कोपऱ्यात बुधीनं, दवाखान्यातल्या आयानं, तुकडा उचलला, ओठांपाशी नेला, पुढच्या बाकावरच्या मोठ्या नर्सबाईकडं बघितलं आणि तुकडा परत ताटात ठेवला. आईनं आपला तुकडा खाल्ला. बापानं खाल्ला. पाळकसाहेबांनी आपला अगोदरच खाल्ला होता.

ताट मेजावर परत आलं तेव्हा मास्तर उठून उभा राहिला. शाळेत उभा राहायचा तसाच. म्हणाला, "साहेब, आपणच शिकवलंत, उरलेली टाकायची नाही. ज्या बाईनं आणली तिनं ती संपवावी, म्हणजे आशीर्वाद घेऊन आम्हाला घरी जाता येईल."

साहेब त्याच्याकडं बघत राहिले. मला आजही वाटतं, त्या वेळी ते स्वतः खाली बसून ती भाकर खाऊ शकले असते. पण ते म्हणाले, "ठीक आहे. मार्थाबाई, पुढं या." नंतर आमच्या घरी येऊन त्यांनी बापाला सांगितलं की मला वाटलं, हे बघून कोणीतरी उठेल. कोणाच्या तरी हृदयाला पाझर फुटेल.  आई आतून म्हणाली, "उठलं का कोनी?"

त्या दिवशी घरी आल्यावर तिनं तांब्याभर पाणी प्यायलं, परसात जाऊन सगळं ओकलं, तोंड धुतलं आणि शिंदी भिजत घातली. रविवारी आम्ही काम करत नसू. त्या रविवारी केलं. शेजारची पारबताकाकू ओसरीवर येऊन बसली. काकूच्या घरचे बाबासाहेबांच्या मागं बुद्धाकडं गेलेले. तिच्या घरात फोटो दोनच, आणि जिभेला हाड नाही. तिच्या कानावर सगळं आलंच होतं.

"मार्थाबाई, आमी निघालो तं सारं फेकून निघालो. तुमी गठुडं डोक्यावर घेऊन गेल्या. मंग थे गठुडं तिथं सुटन नाही तं काय?"

आई म्हणाली, "तुमच्यात आमची पोरगी घेता का काकू? या साराले करा सून."

काकू हसली, पान थुंकली. "तुह्या जिभेपाशी बसनं नाही बाई," म्हणाली आणि उठून गेली. 

दुसऱ्या कोणी विषय सोडून दिला असता. पाळकसाहेबांनी सोडला नाही. चांगल्या माणसाच्या हट्टासारखा वाईट हट्ट नसतो, हे मी तेव्हा शिकले. त्यांनी जाहीर केलं की आता घरं बदलणार नाहीत. मंडळी जोवर मार्थाबाईची भाकर खात नाही, तोवर मेजावर दर महिन्याला मार्थाबाईचीच भाकर येईल. आई कपाळाला हात लावून बसली. दुसऱ्या महिन्याला चर्च अर्धं रिकामं. बुधीनं मात्र तुकडा खाल्ला. मोठी नर्सबाई आली नव्हती. उरलेली आईनं खाल्ली, या वेळी भाकर लहान करून नेली होती. तिसऱ्या महिन्याला आम्ही, बुधी आणि एक मद्राशी म्हातारा, एवढेच. तोवर आईचे फडे चर्चवाल्या घरांनी घेणं बंद केलं होतं. नर्सबाईनं तर घरातला होता तोही कंपाउंडाबाहेर टाकला, चांगला नवा होता. चौथ्या महिन्याच्या अगोदर पाळकसाहेब दारात आले तेव्हा आईनं त्यांना बसा म्हटलं नाही.

"साहेब, बस झालं. माह्या भाकरीवर तुमची एकी नका भाजू."

"मार्थाबाई, तुम्ही माघार घेतलीत तर ते जिंकले."

"जिंको. मले उलट्या होतात."

साहेबांचे डोळे भरून आले. आईला ते बघून राग आला असावा, कारण तिनं फड्यानं उंबऱ्यासमोरचा केर त्यांच्या पायाजवळून लोटून बाहेर काढला. पण साहेबही साहेबच. पुढच्या रविवारी म्हणाले, त्या घरची भाकर नसेल तर या मेजावर कुठलीच भाकर येणार नाही. आणि खरंच त्यांनी प्रभुभोजन बंद केलं. मंडळी भरायची, गीतं व्हायची, उपदेश व्हायचा, मेज रिकामं. आता लोक आईला दोष द्यायला लागले. तिच्यामुळं आम्ही प्रभूच्या मेजाला मुकलो म्हणायचे. ज्यांना ती भाकर तोंडात घालवत नव्हती तेच म्हणायचे, बाईनं भाकर करायची बंद केली, केवढा गर्व. आम्ही तरी जात राहिलो. आई मागच्या बाकावर ताठ बसायची. बाप वाजवायचा. एकदा मी म्हटलं, पारबताकाकूकडं जाऊ, नाहीतर कुठंच नको जाऊ. आई म्हणाली, "कावून? जागा माही हाय. कोनाच्या बापानं नाही देल्ली."

आता आमच्या अमरावतीच्या चर्चमध्ये प्रभुभोजनाला पाकिटातल्या गोल चकत्या येतात, कागदासारख्या, कोणाच्या हाताच्या ते माहीत नाही. पेलाही एक नाही, औषधाच्या बाटलीच्या टोपणाएवढ्या प्लास्टिकच्या वाट्या, ज्याची त्याला. साथीच्या आजारानंतर हे सुरू झालं, आरोग्यासाठी म्हणतात. मोबाइलवर मंडळीचा ग्रुप आहे, त्यात रोज सकाळी एकीवर काहीतरी येतं, फुलांच्या चित्रासकट. नातू वाचून दाखवतो. मी ऐकते. पाकिटातल्या चकतीवर एकी सोपी असते.

राहेलबाई पावसाळा संपता संपता पडली. पाय मोडला, मग छाती भरली. दवाखान्यातून तिला घरी आणलं, म्हणजे आता काही उरलं नव्हतं. तिनं एकच मागणं धरलं, प्रभूची भाकर. त्यासाठी पाळकसाहेबांना बोलावलं. ते मनुकांचं पाणी घेऊन गेले, खाटेशी बसले आणि मास्तराला म्हणाले, भाकर कुठं आहे? मास्तराच्या स्वयंपाकघरात गव्हाची पोळी होती, टोपलीत भाकरही होती. साहेब म्हणाले, "मी मंडळीसमोर शब्द दिला आहे. त्या घरची आणा, नाहीतर माझ्याकडं मोडायला भाकर नाही." मरणाऱ्या बाईसमोर बोलले. हे बुधीनं आम्हाला नंतर सांगितलं. ती खाटेशी वारा घालत होती. मास्तरानं विनवलं, ओरडला, वरच्या साहेबांना कळवीन म्हणाला. पाळकसाहेब हात जोडून बसून राहिले. मग मास्तर निघाला.

दुपार होती. आम्ही जेवून उठलो होतो, चूल विझत आली होती. तो दारात आला तेव्हा घामानं भिजला होता, कोट नव्हता, डोक्यावर टोपी नव्हती. आमच्या बोळात तो आयुष्यात पहिल्यांदा आला असेल. उंबऱ्याबाहेर उभा राहून म्हणाला, "मार्थाबाई, माय जाऊन राहिली. एक भाकर पाहिजे."

शाळेतली भाषा गेली होती. आमच्यासारखाच बोलत होता.

आईनं त्याच्याकडं बघितलं आणि म्हणाली, "आत या. बसा."

तो आत आला. बापानं घाईनं पोतं अंथरलं. आईनं चुलीत काटक्या सारल्या, फुंकली, पिठाचा डबा काढला. परातीत पीठ घेतलं ते दोन भाकरींचं. मी बघत होते. तिनं पहिली भाकर थापली, भाजली, फुगवली, ताटात टाकून मास्तरापुढं सरकवली.

"खा."

"मले नाही, मायले पाहिजे."

"तिची करते मंग. तुमची अगुदर खा. साऱ्या मंडळीसमोर मी खाल्ली. इथं तं तिघंच हावो."

"मार्थाबाई, येळ नाही हो. तिची द्या, पोरीच्या हाती पाठवा, मी इथीसाच बसून खातो, सारी खातो." त्यानं हात जोडले. पंचाचे हात. मी उठून उभी राहिले होते, पळायला तयार. पुलापलीकडं मी कोणाहीपेक्षा लवकर पोचले असते.

आई म्हणाली, "सारे, बस खाली."

बाप म्हणाला, "दे न वं. म्हातारी मरून राहिली."

"मी खाऊन राहिली होती तवा कोनाले घाई होती? तुमी तं ढोलकी वाजवून राहिले होते."

बाप भिंतीकडं सरकला. 

मास्तरानं भाकर मोडली. तव्यावरची गरम, त्याची बोटं भाजली, तोंड भाजलं. कोरडी. तो मोठे मोठे तुकडे तोंडात कोंबायला लागला आणि त्याला ते गिळवेनात. डोळ्यांतून पाणी यायला लागलं, ठसका लागला, भाकरीचा भुगा धोतरावर उडाला. बापानं पाण्याचा तांब्या पुढं केला. आईनं हात लांबवून तांब्या आपल्याकडं ओढून घेतला.

"पेला मागून असते मास्तर. तुमाले माहीत हाय."

"मार्थाबाई..."

"चुरा सांडला तुमचा. थो बी खा."

त्यानं धोतरावरचा भुगा वेचून खाल्ला. मला वाटलं होतं, हे बघून मला आनंद होईल. थोडा झालाही. पण तो घशातला आवाज मी अगोदर एकदा ऐकलेला होता आणि तो मला परत ऐकायचा नव्हता. आई मात्र त्याच्याकडं बघतही नव्हती. ती दुसरी भाकर थापत होती, सावकाश, कडा फिरवत, रोजच्यासारखी. तव्यावर टाकली, पाण्याचा हात फिरवला, उलटली, निखाऱ्याला लावली. फुगली. तिनं धुतलेलं पांढरं फडकं काढलं, भाकर त्यात बांधली आणि शेवटचा तुकडा मास्तराच्या घशाखाली जाईपर्यंत फडकं मांडीवर ठेवून बसली. मग दिलं. मग तांब्या दिला. तो पाणी न पिताच निघाला. बोळातून धावत गेला, धोतर पायात येत होतं, पोरं हसली.

तो पोचला तेव्हा राहेलबाई गेली होती. बुधी म्हणाली, फार वेळ झाला नव्हता, अंग गरम होतं. पाळकसाहेबांनी तरीही भाकर मोडली, आणि कोणाला द्यावी ते न कळून हातात धरून उभे राहिले. मग मास्तरानं ती त्यांच्या हातातून घेतली आणि खाल्ली. दुसरी भाकर. कोणी सांगितलं नव्हतं.

संध्याकाळी बुधी आम्हाला हे सांगून गेली. बाप आईला म्हणाला, "म्हातारीचा हात उठला होता ताटाले. मी पाह्यलं होतं. तुले सांगितलं होतं मी."

"माहीत हाय."

"मंग?"

"म्हनूनच तं भाकर केली. नाहीतर चूलच पेटवली नसती." एवढं बोलून तिनं शिंदीचा भारा पुढं ओढला.

पुढच्या महिन्यात प्रभुभोजन झालं. भाकर आमच्या घरची. ताट एलिया मास्तरापासून निघालं, त्यानं पहिला तुकडा घेतला आणि मागं वळून बघितलं. मग सगळ्यांनी घेतला, नर्सबाईनंही. ताट आमच्यापर्यंत आलं तेव्हा चुराच उरला होता. आईनं तो बोटानं टिपून खाल्ला. पाळकसाहेब मेजामागं रडत होते. पुढं ते ठिकठिकाणच्या सभांत ही गोष्ट सांगायचे. एका गरीब भगिनीच्या सहनशीलतेनं आमची मंडळी कशी एक झाली, अशी. धामणगाव रेल्वे गावच्या सभेत आईच्या माहेरच्या एका पोरानं ती ऐकली आणि येऊन तिला सांगितली. आईनं विचारलं, "म्हातारी मेली थे सांगितलं का त्यायनं?" नाही म्हणाला. दोन वर्षांत साहेबांची बदली झाली, मोठ्या जागेवर. त्यांच्या मागून घरं परत बदलू लागली, सगळी घरं, आमचं धरून. एकी झाली का? झाली. लोक एका ताटातून खायला लागले आणि आईच्या दारासमोरून जाताना रस्ता बदलायला लागले. पूर्वी त्यांना तिचा विटाळ होता, आता तिची भीती होती. आईला दुसरं जास्त बरं वाटायचं, असं ती म्हणे. मास्तर तिच्याशी परत कधी बोलला नाही, पण फडे त्याच्या घरी आमचेच जायचे.

बाप सगळ्यांत आधी गेला, ती जुनी छातीच परत उखडली. ढोलकी पुढं कोणी तशी वाजवली नाही. मास्तर पेन्शन घेऊन पुष्कळ वर्षं जगला, शेवटी शेवटी माणसं ओळखत नव्हता. आई त्याच्यानंतर गेली, माझ्या घरी, अमरावतीला, दुपारी जेवून आडवी झाली ती उठली नाही. मास्तर भाकर मागायला आला त्या दिवशी चुलीपुढं आम्ही चौघं होतो. त्यातली आता मी एकटी आहे.